वर्षाचे पैसे भरण्याआधी टीव्हीची परीक्षा घ्या

तंत्रसल्ला : वाचकांचे प्रश्न

डिश काढून इंटरनेटवर टीव्ही घ्यावा का, घ्यायचा तर आधी काय तपासावे, अशी पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून येत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गल्लीतला केबलवाला आता फायबर देतो. इंटरनेट आणि चॅनेल एकत्र, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट म्हणतो. त्याच्या दुकानात चित्र एकदम स्वच्छ दिसते. पैसे देण्याआधी आम्ही स्वतः काय तपासावे? – अमळनेर

उत्तर : दुकानातल्या चित्रावर जाऊ नका. तिथला बॉक्स मुख्य यंत्राशेजारीच तारेने जोडलेला असतो. परीक्षा तुमच्या घरात, तुमच्या टीव्हीवर आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान व्हायला हवी. म्हणून पहिली अट हीच घाला : पहिला महिना मासिक दराने, पसंत पडले तर पुढे वर्षाचे. सेवेवर भरवसा असलेला माणूस याला सहसा नाही म्हणत नाही. जो ‘आजच भरा, उद्या ऑफर संपेल’ म्हणतो, त्याच्याकडे वर्षाचे पैसे अडकवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

चॅनेल त्याच्या स्वतःच्या जाळ्यातून येणार की एखाद्या ॲपमधून, हेही विचारून घ्या. पहिल्या प्रकारात चॅनेल इंटरनेटच्या प्लॅनबाहेर, वेगळ्या वाटेने बॉक्सपर्यंत पोहोचतात. बीएसएनएलची आयएफटीव्ही या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात ॲप उघड्या इंटरनेटवरून चित्र ओढते. बिघाड ओळखायला हा फरक फार उपयोगी पडतो. स्वतःच्या जाळ्यातला चॅनेल बहुधा सगळ्या ग्राहकांकडे एकाच वेळी सोडलेला असतो. वाटेत हरवलेला तुकडा परत मागवायची सोय तिथे नसते किंवा तोकडी असते, त्यामुळे लाइन खराब असली की पडद्यावर चौकोन फुटतात आणि आवाज मध्येच तुटतो. ॲप मात्र हरवलेला तुकडा पुन्हा मागवते. तिथे चौकोन दिसत नाहीत, आधी चित्र धूसर होते आणि मग गोल चक्र फिरू लागते. चौकोन दिसले तर लाइन किंवा जोड, चक्र फिरले तर वेग किंवा वायफाय, असा पहिला अंदाज बांधावा.

फायबर जोडायला येणाऱ्या मुलाकडे पॉवर मीटर असतो. घरातल्या टोकाला किती प्रकाश पोहोचतो ते त्याला मोजायला लावा आणि आकडा लिहून ठेवा. माप डीबीएममध्ये आणि उणे येते. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण घरातल्या यंत्राची पकडच साधारण तिथे संपते. वळवाच्या वादळात खांबावरची तार हलली, एखादा जोड जरा सरकला, की यंत्रावर लाइन तुटल्याचा लाल दिवा लागलाच म्हणून समजा. माप खराब आले तर जोड त्याच दिवशी पुन्हा करून घ्या. भिंतीच्या कोपऱ्यात फायबर काटकोनात दाबून खिळा मारू देऊ नका. वळणाची त्रिज्या तीन सेंटिमीटरपेक्षा कमी नको.

आता चित्राकडे या. मालिका पाहून परीक्षा होत नाही. मालिकेत माणसे उभी राहून बोलतात, ते चित्र थोड्या डेटातही बरे दिसते. क्रिकेटचा सामना लावा. चेंडू सीमारेषेकडे जातो आणि कॅमेरा झपकन फिरतो, तेव्हा मैदानातल्या गवताकडे पाहा. चांगल्या सेवेत कापलेल्या गवताचे फिके-गडद पट्टे फिरत्या चित्रातही ओळखू येतात. चित्र जास्त दाबून पाठवलेले असेल तर सगळे मैदान हिरव्या लगद्यासारखे होते आणि कॅमेरा थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने गवत पुन्हा उगवल्यासारखे दिसते. मग रात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा लावा : काळ्या भागात पायऱ्या किंवा चौकोन दिसता कामा नयेत. एखाद्या वृत्तनिवेदकाच्या तोंडाकडे पाहून ओठ आणि आवाज जुळतात का तेही बघा, आणि हे दोन तास सलग पाहिल्यावर पुन्हा बघा. काही बॉक्समध्ये आवाज हळूहळू मागे पडतो, पहिल्या दहा मिनिटांत ते कळत नाही.

एक परीक्षा घरच्या गर्दीची. आखाजीला लेकीबाळी माहेरी आल्या की घरात चार-पाच मोबाइल वाढतात, आणि आयपीएलचे सामनेही त्याच दिवसांत असतात. तशी स्थिती मुद्दाम तयार करा : टीव्हीवर सामना, दोन मोबाइलवर व्हिडिओ, एकावर व्हिडिओ कॉल, असे अर्धा तास चालू ठेवा. फुल एचडी चित्राला ५ ते ८ एमबीपीएस लागतात, फोर-केला १५ ते २५. या हिशेबाने ५० एमबीपीएसची लाइन अशा घराला पुरायला हवी. पुरत नसेल तर रात्री ५० मिळतच नाहीत. फायबरच्या एका धाग्यावर बत्तीस किंवा चौसष्ट घरे वाटलेली असतात, तरी अडचण बहुतेक वेळा तिथे नसते. ऑपरेटरने वरून किती जाडीची लाइन विकत घेतली आहे, तिथे ती असते. पाटाच्या शेपटाकडच्या शेताला पाणी पोहोचत नाही, तसे रात्री नऊला होते. त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या दोन घरी जाऊन रात्रीचा अनुभव विचारा. याहून खात्रीची माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

मराठी चॅनेलांपैकी नेमके कोणते एचडीत येतात, याची यादी मागून घ्या. चॅनेलची संख्या मोठी असली तरी मराठीतले बरेच साध्या दर्जात असू शकतात. बॉक्स कोणाच्या मालकीचा, सोडताना अनामत परत मिळणार का, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

प्रश्न : स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस येतात, तरी टीव्हीवर चक्र फिरत राहते. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. खोटे कोण बोलते? – रावेर

उत्तर : बहुधा कोणीच नाही. मोबाइल राउटरजवळ धरून केलेली टेस्ट ही राउटरपर्यंतच्या लाइनची टेस्ट असते. टीव्ही दुसऱ्या खोलीत आहे. शिवाय ही टेस्ट जवळचा, कधी कधी कंपनीच्याच जाळ्यातला सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून आकडा काढते. टीव्हीचे ॲप चित्र आणते ते दूरच्या सर्व्हरवरून आणि बहुधा एका-दोन जोडण्यांवर. टेस्टच्या ॲपमध्ये सर्व्हर बदलून मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा निवडा आणि टेस्ट टीव्हीच्या जागी उभे राहून करा. आकडा लगेच बदलेल.

दोष नेमका कुठे, हे लॅपटॉपवर पाच-सात मिनिटांत कळते. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंग आज्ञा (छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते ती मोजते) आधी राउटरच्या पत्त्यावर (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१) दोनशे वेळा चालवा. मग तीच आज्ञा बाहेरच्या इंटरनेटवरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर तितक्याच वेळा. लॅपटॉप टीव्हीशेजारी, वायफायवर ठेवा. राउटरच्या पत्त्यावरच काही पिंग हरवत असतील, किंवा २-३ मिलिसेकंदांचे उत्तर मध्येच २०० वर उडी मारत असेल, तर दोष वायफायचा आहे आणि कंपनीशी भांडून उपयोग नाही. राउटरपर्यंत सगळे स्वच्छ आणि ८.८.८.८ ला मात्र शंभरात एखादेही हरवत असेल, तर दोष लाइनचा. त्या पडद्याचा फोटो तक्रारीला जोडा.

तुमच्याकडची जुनी धाब्याची घरे वायफायला फार कठीण जातात. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचे वायफाय जवळजवळ पोहोचतच नाही. २.४ गिगाहर्ट्झचे पोहोचते, पण त्यावर शेजारपाजारचे सगळे राउटर गर्दी करतात. तेच वापरायचे असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचा चॅनेल (टीव्हीचा नव्हे, लहरींचा पट्टा) ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा. हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. पण खरा उपाय तारेचा. राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ केबल ओढा. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. कित्येक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, तरी फोर-के चित्राला ते भरपूर आहे. ऑपरेटरच्या स्वतःच्या जाळ्यातले चॅनेल असतील तर तार हवीच. सगळ्यांना एकदम सोडलेले चित्र वायफायवरून फार वाईट चालते.

यूट्यूबमध्येही एक चांगले साधन दडलेले आहे. टीव्हीवर फोर-के व्हिडिओ लावा, गिअरच्या चिन्हात जाऊन ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ सुरू करा. ‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच साठवलेले आहेत तो आकडा. तो वाढून स्थिर राहिला तर लाइन सशक्त. सतत शून्याकडे घसरत असेल तर चक्र येणारच. साठा भरपूर आणि तरीही ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा भराभर वाढत असेल, तर लाइनला दोष देऊ नका. तिथे टीव्ही किंवा बॉक्सच कमी पडतो आहे.

प्रश्न : आम्ही मळ्यात राहतो. फायबर येत नाही. छपरावर डबी बसवून फाइव्ह-जी इंटरनेट देतात, त्यावर टीव्ही चालेल का? चारी बाजूंनी केळी आहे. – शहादा तालुका

उत्तर : चालू शकतो, पण आधी जागा तपासा. त्याच कंपनीचे फाइव्ह-जी सिम असलेला मोबाइल घेऊन, डबी जिथे बसणार तिथेच छपरावर उभे राहा. सिग्नल मोजणारे ॲप ‘आरएसआरपी’ नावाचा आकडा दाखवते : उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर उत्तम, उणे १०० पर्यंत ठीक, उणे ११० च्या पलीकडे गेला तर नाद सोडा. टेस्ट दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करा. टॉवर सगळ्या गावाचा असतो, रात्री त्याचा वेग वाटला जातो.

केळीचे म्हणाल तर या लहरींना ओली, रुंद पाने अडवतात. डबी पानांच्या उंचीच्या वर आणि टॉवरच्या दिशेला मोकळी हवी. लागवड नुकतीच झाली असताना टेस्ट करून समाधान मानू नका, केळी वाढल्यावर समोर भिंत उभी राहील. डबी लोखंडी पाइपवर बाग ओलांडेल इतकी उंच घ्या. आंबा किंवा निंब आडवा येत असेल तर डबीची बाजू बदला.

मोठा प्रश्न विजेचा आहे. शेतीपंपाच्या फीडरवर ठरावीक तासच वीज मिळत असेल, तर टीव्ही, राउटर आणि छपरावरची डबी तिन्ही एकदम बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. आधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, यूपीएसचे अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. १० वॅट खाणारा राउटर ४० वॅट-तासाच्या बॅटरीवर साधारण साडेतीन तास चालतो. छपरावरच्या डबीला वेगळा अडॅप्टर असेल तर तिचाही हिशेब धरा. टीव्हीला मात्र घरचा इन्व्हर्टर लागेल. आणि गावाची वीज गेलेली असताना मोबाइलवर रेंज टिकते का, हे दोन-तीनदा पाहून ठेवा. टॉवरची बॅटरी थकलेली असेल तर तुमचा यूपीएस काही कामाचा नाही.

बातम्या, सह्याद्री वाहिनी आणि जुने सिनेमे एवढीच गरज असेल, तर डीडी फ्री डिश हा आजही मळ्यासाठी चांगला पर्याय आहे. महिन्याचे भाडे नाही, डेटाचा प्रश्न नाही.

प्रश्न : ‘फोर-के’ लिहिलेला स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घेतला. यूट्यूब छान दिसते, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवर चित्र धूसर. ॲप खराब की बॉक्स? – भुसावळ

उत्तर : बॉक्स. पैसे घेणारी ॲप आपले चित्र कुलूप लावून पाठवतात. ते उघडायची अँड्रॉइडवरची व्यवस्था म्हणजे वाइडवाइन. कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडत असेल तर बॉक्स ‘एल-१’ पातळीचा, साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल तर ‘एल-३’. एल-३ बॉक्सला अशी ॲप साध्याच दर्जाचे चित्र देतात, तुमची लाइन कितीही वेगवान असो. खोक्यावरच्या फोर-केचा अर्थ तेवढे चित्र चिप उलगडू शकते इतकाच.

घेण्याआधी दुकानातच बॉक्स टीव्हीला लावून ‘डीआरएम इन्फो’ हे ॲप टाका आणि ‘सिक्युरिटी लेव्हल’ समोर काय लिहिले आहे ते वाचा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ खाली बॉक्स प्रमाणित आहे की नाही तेही दिसते. नेटफ्लिक्सला एल-१ शिवाय स्वतःची वेगळी मान्यताही लागते, म्हणून ते ॲप प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. फोर-के पाहायचे असेल तर टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला एचडीसीपी २.२ (तारेतून जाणाऱ्या चित्राचे कुलूप) हवे. कित्येक टीव्हींवर ते सगळ्या पोर्टना नसते. अप्रमाणित बॉक्सचा आणखी एक धोका गंभीर आहे. २०२३ साली ‘बॅडबॉक्स’ नावाचे घातक सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरून आलेले स्वस्त बॉक्स सापडले. ते घरातल्या इंटरनेटचा वापर मालकाच्या नकळत गुन्ह्यांसाठी करतात. ज्या वायफायवर तुमच्या घरचे बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर असा बॉक्स नको.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी बॉक्स अडकतो, रात्री ठीक चालतो. – जळगाव

उत्तर : बाहेर ४५ अंश असताना टीव्हीमागच्या बंद कोनाड्यात त्याहून जास्त तापते. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि चित्र अडखळते. बॉक्स आणि राउटर उघड्यावर ठेवा, एकावर एक ठेवू नका, वर रुमाल नको. नवीन बॉक्स घेताना दुपारी दोन ते पाच सलग चालवून बघा. जळगावात उन्हाळ्यातली ही परीक्षा सर्वांत कठीण.

प्रश्न : सामन्यात चित्र बारीक बारीक हिसके देते, पण अडकत नाही. शिवाय शेजारचे डिशवाले आमच्याआधी ‘आउट’ म्हणून ओरडतात. – पाचोरा

उत्तर : दोन्ही वेगळ्या गोष्टी. आपल्याकडचे प्रक्षेपण सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांचे असते. बॉक्स ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, लावलेला असेल, तर ५० चित्रे ६० जागांत बसवण्यासाठी दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागते. सेकंदाला दहा वेळा होणारा तो हिसका तुम्हाला दिसतो. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८० पी, ५० हर्ट्झ निवडा. काही बॉक्सवर ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ असा पर्याय असतो, तो चालू करा. बातम्यांच्या चॅनेलवरची सरकती पट्टी पाहा, ती एकसारखी सरकू लागली की जमले. सेवा विकत घेण्याआधी ही सेटिंग तपासाच, नाहीतर चांगली सेवाही खराब वाटेल.

उशिराचे मात्र काही करता येत नाही. ॲप चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून मागवते आणि दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवते. त्यामुळे डिशपेक्षा वीस-तीस सेकंद मागे राहणे नेहमीचेच. एका मिनिटाहून जास्त मागे राहत असेल तर ती सेवा घेऊ नका.

प्रश्न : वर्षाला थोड्या पैशांत देशविदेशातले हजारो चॅनेल देतो असा व्हॉट्सॲपवर संदेश आला. चोवीस तास फुकट बघायलाही देतो. – धुळे

उत्तर : घेऊ नका. ॲप प्ले स्टोअरवर नाही, एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल) किंवा लिंक पाठवतात, पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर, जीएसटीचे बिल नाही, ही चोरीच्या चॅनेलांची लक्षणे आहेत. प्रसारकांचे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सुरक्षित आहेत. ते मोडणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. चोवीस तासांच्या नमुन्याला काही अर्थ नाही. असे सर्व्हर मोठ्या सामन्याच्या वेळी कोलमडतात किंवा बंद केले जातात. दिल्ली उच्च न्यायालयाने अशी ठिकाणे बंद करण्याचे आदेश वेळोवेळी दिले आहेत. त्या दिवशी तो नंबर उचलला जात नाही आणि वर्षाचे पैसे गेले.

प्रश्न : टीव्ही पाहून डेटा किती संपेल? आणि फुकट महिना संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात, ते कसे टाळायचे? – नंदुरबार

उत्तर : ५ एमबीपीएसचे चित्र तासाला सव्वादोन जीबी खाते. रोज पाच तास म्हणजे महिन्याला साधारण ३४० जीबी. फोर-के १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी. ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्येही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांकडे ती बऱ्याचदा ३,३०० जीबी असते आणि पुरते, पण स्थानिक ऑपरेटरकडे किती ते विचाराच. मर्यादा संपल्यावर वेग किती राहतो तेही विचारा. २ एमबीपीएस राहिला तर एचडी संपले. भाड्याच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा : ५९९ रुपयांचे बिल सुमारे ७०७ येते.

फुकट महिना सुरू करताना यूपीआय किंवा कार्डावर आपोआप भरण्याची मंजुरी घेतली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यायला हवी, पण ती कित्येकदा जाहिरातींच्या मेसेजांत हरवते. १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी ओटीपी लागत नाही. म्हणून फुकट महिना सुरू केला त्याच दिवशी यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ भागात जाऊन ती मंजुरी शोधून ठेवा आणि सेवा नको असेल तर मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी तिथूनच रद्द करा. ॲप मोबाइलवरून काढून टाकल्याने मंजुरी रद्द होत नाही. रद्द केल्यावरही पैसे कापले तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, मग तो क्रमांक हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते.